दहा पौंडांची की वीस पौंडांची

मनोहर देवपुजारीला कुठलीही वस्तू निवडायला किमान चार महिने लागतात. भाताचा कुकर त्याने पाच महिने निवडला आणि ते पाच महिने नीलांबरीने पातेल्यात भात लावला. गादी निवडली तेव्हा दोघं सात महिने जुन्या, मध्ये खड्डा पडलेल्या गादीवर झोपले. ॲरिझोनातल्या चँडलरच्या त्यांच्या घरात बावीस वर्षं हे असंच चाललं आहे. आधी त्याचा तक्ता, मग वस्तू, आणि मधल्या काळात बाकीच्यांनी कशावर तरी भागवायचं.

यंदा जानेवारीत तो शिसं वितळवायची भट्टी निवडायला बसला.

नेमबाजीचा नाद दोन वर्षांपूर्वीचा. चिप बनवणाऱ्या कारखान्यात तो प्रोसेस इंजिनिअर. तिथल्या विवेकने एका शनिवारी त्याला वाळवंटातल्या रेंजवर नेलं आणि पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा एखादा खेळ जमला. नीलांबरीने ते चालवून घेतलं. पिस्तूल तिजोरीत, तिजोरी कपाटात, मुलगी आश्लेषा लग्न होऊन नवऱ्याबरोबर, सिद्धेशबरोबर, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला. घरात लहान कोणी नाही. पण विवेक पिस्तुलाच्या गोळ्या शिसं वितळवून स्वतः ओतायचा, आणि मनोहरलाही तेच करायचं होतं.

तक्त्यात अकरा भट्ट्या होत्या. काहींत दहा पौंड शिसं मावायचं, काहींत वीस. काहींतून पळीने घेऊन साच्यात ओतायचं, काहींना तळाशी तोटी. तोटीची असली की हात भरभर चालतो, पण तोटी गळते. पळीची गळत नाही, पण वर येणारी मळी सारखी काढत बसावी लागते. एकीचा तापमानाचा काटा खोटं बोलतो, दुसरीला नियंत्रक वेगळा जोडावा लागतो. हे सगळं तो जेवताना मोठ्याने बोलायचा.

"वीसची घेतली तर एकदा तापवली की दोन तास बघायला नको. पण दहाची लवकर तापते. तुला काय वाटतं?"

"मला वाटतं घरात शिसं येता कामा नये."

"घरात नाही गं. गॅरेजमध्ये."

"गॅरेज काय शेजाऱ्यांचं आहे?"

नीलांबरी हे ऐकीव माहितीवर बोलत नव्हती. अमेरिकेत आल्यावर दहा वर्षं तिला नोकरीची परवानगी नव्हती. नवऱ्याच्या व्हिसावर घरी बसलेली बी.एस्सी. ग्रीन कार्ड आलं तेव्हा ती चाळिशीला टेकली होती. मग कम्युनिटी कॉलेजात कोर्स करून मुलांच्या डॉक्टरांकडे मेडिकल असिस्टंट म्हणून लागली. वर्षा-दोन वर्षांच्या मुलांच्या बोटाला सुई टोचून, थेंबभर रक्त काढून त्यात शिसं आहे का बघायचं, हे तिचं रोजचं काम. त्याआधी आईला प्रश्न विचारायचे: घर जुनं आहे का? बाहेरून आणलेले मसाले, सुरमा, मातीची भांडी वापरता का? घरात कोणी बंदुकीच्या गोळ्या किंवा मासे पकडायच्या गळाची शिशाची वजनं ओततं का? दिवसाला आठ-नऊ आयांना ती हे विचारायची. या शेवटच्या प्रश्नाला कोणी 'हो' म्हटलं की ती पुढे काय काय समजावून सांगायची, तेही तिला पाठ होतं.

म्हणून फेब्रुवारीत तिने मनोहरला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. आश्लेषाला दिवस गेले होते, एप्रिलमध्ये ती डोहाळेजेवणाला यायची होती. "तिचं बाळंतपण होईपर्यंत या घरात शिशाचा एक कण वितळणार नाही. नंतर बघू."

"कबूल," मनोहर म्हणाला. "मी फक्त निवडतोय."

एप्रिलमध्ये आश्लेषा तीन आठवड्यांसाठी आली. सातवा महिना, लॅपटॉपवरून काम, चेहरा पांढराफटक. हिमोग्लोबिन साडेनऊ. लोहाच्या गोळ्यांनी तिचं पोट बिघडत होतं. मनोहरची आई सहा महिन्यांच्या व्हिसावर नागपूरहून आलेलीच होती. शहात्तर वर्षांची, ताठ पाठीची, आणि या घरात आपल्याला काही कामच नाही म्हणून तीन महिने कुढत बसलेली. नातीचा रिपोर्ट ऐकल्यावर ती खुर्चीतून उठलीच.

"गोळ्या कशाला गिळून राहिलीस? लोखंडी कढईत पालेभाजी खा पंधरा दिवस. नीलू, मी दिलेली कढई कुठाय?"

नीलांबरीला अमेरिकेत येताना सासूबाईंनीच ती कढई दिली होती. जड, दोन कड्यांची, नागपूरच्या इतवारी बाजारातून घेतलेली. मनगट दुखायला लागल्यापासून नीलांबरीने ती खालच्या कपाटात ढकलून दिली होती. "असेल खाली कुठेतरी, आई," ती म्हणाली, आणि सकाळी साडेसहाला कामावर निघून गेली.

संध्याकाळी आली तर कढई शेगडीवर होती आणि सासूबाई खुशीत होत्या. "गॅरेजमध्ये टाकली होती तुम्ही लोकांनी. ही एवढी राखाडी मळी बसलेली. चिंच लावून, काथ्याने दोन तास घासली. वस्तू कशी वापरावी हे तुमच्या पिढीला कळत नाही."

गॅरेजमध्ये कशी गेली, हे विचारायचं नीलांबरीच्या मनात आलं आणि निघून गेलं. आठ तास रडणाऱ्या मुलांची बोटं धरून ती आली होती. घरात कोणीतरी स्वयंपाक केला होता, मुलगी जेवत होती. तिने हात धुतले आणि ताट घेतलं.

पुढचे अकरा दिवस कढई रोज शेगडीवर चढत राहिली. मेथी, चुका, ताकातला पालक, चिंच-गुळाचं चाकवत. आश्लेषा दोनदा वाढून घ्यायची. "आजी, धिस इज सो गुड. सिद्धेशला शिकव ना हे." सासूबाई दिवसेंदिवस तरुण दिसायला लागल्या. मनोहर मात्र वरण-भात खायचा. त्याला ॲसिडिटी झाली होती.

डोहाळेजेवण रविवारी. शनिवारी दुपारी नीलांबरी घडीच्या खुर्च्या काढायला गॅरेजमध्ये गेली. खुर्च्यांच्या मागे फळीवर जुना टॉवेल होता. तो ओढला तर खाली तिचं बिडाचं आप्पेपात्र. सातही खळग्यांत सात आप्पे, करड्या-चंदेरी रंगाचे, वरून गुळगुळीत.

तिने एक उचलला. एवढ्याशा आप्प्याचं ते वजन! हातातून सुटलाच. सिमेंटवर पडताना त्याचा आवाजही झाला नाही धड. बद्दकन बसला.

"मनोहर!"

तो आला. आप्पेपात्र बघितलं आणि घाईघाईने बोलायला लागला. "ऐक, ऐक. हे ओतणं नव्हे. हे फक्त साफ करणं. टायरवाल्याकडून चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची जुनी वजनं आणली होती, त्यात माती, ग्रीस, क्लिपा. असला माल नव्या भट्टीत टाकला तर तोटीच चोंदते. विवेक म्हणाला, आधी वेगळ्या भांड्यात वितळवायचं, मळी काढायची आणि छोट्या वड्या पाडून ठेवायच्या. मार्चमध्ये केलं. एकदाच. बाहेर, मागच्या अंगणात, कॅम्पिंगच्या शेगडीवर."

"तू म्हणाला होतास, फक्त निवडतोय."

"हा निवडायचाच भाग होता ना! किती माल निघतो ते बघितल्याशिवाय दहाची घ्यायची की वीसची, कसं ठरवणार?"

"आप्पेपात्रात वड्या पाडल्यास."

"मी नवीन आणून देणार होतो. तीन-चार बघून ठेवलेत."

"वितळवलं कशात?"

मनोहरची नजर घरात उघडणाऱ्या दाराकडे गेली. दारातून अंबाडीच्या भाजीवरच्या लसणाच्या फोडणीचा वास येत होता.

नीलांबरी पळाली. स्वयंपाकघरात सासूबाई कढईत झारा फिरवत होत्या. समोर ओट्याशी उंच स्टुलावर आश्लेषा, ताटात भाकरी आणि चवीला काढून दिलेली भाजी, तोंडात घास.

"आश्लेषा, थुंक."

"व्हॉट?"

"थुंक म्हणते ना! थुंक!"

आश्लेषाने घाबरून कागदी रुमालात घास थुंकला. नीलांबरीने शेगडी बंद केली, दोन फडक्यांनी कढई धरली आणि भाजीसकट उचलून मागच्या दाराने अंगणातल्या खडीत नेऊन ठेवली.

"अगं, काय करून राहिलीस?" सासूबाई झारा घेऊन मागे आल्या. "दाणे टाकायचे राहिले अजून त्यात."

"आई, या कढईत यांनी शिसं वितळवलं होतं. बंदुकीच्या गोळ्यांचं."

सासूबाईंना आधी कळलंच नाही. त्यांनी मुलाकडे बघितलं. तो दारात उभा होता.

"तिला उगाच घाबरवू नको, नीलू," मनोहर म्हणाला. "आईने घासली होती. दोन तास घासली होती, चकचकीत झाली होती. शिसं लोखंडाला चिकटत नाही, मी वाचलंय."

"घासली होती, हे तुला कसं माहीत?"

"म्हणजे?"

"तू ऑफिसमध्ये होतास तेव्हा. कढई शेगडीवर आहे हे तुला कधी कळलं?"

"बुधवारी."

"कुठल्या बुधवारी?"

"मागच्या."

म्हणजे दहा दिवस. नीलांबरीने मोजलं नाही, तिच्या डोक्यात तो आकडा आपोआप येऊन आदळला. आणि त्याच्यामागून दुसरी गोष्ट आली, हलक्या पावलांनी.

"तुला ॲसिडिटी कधी सुरू झाली, मनोहर?"

मनोहर खडीतल्या कढईकडे बघायला लागला.

"मी काय विचारते?"

"बाबा," आश्लेषा पोटावर हात ठेवून आली होती. "तुम्ही ती भाजी खाणं बंद केलं होतं? यू स्टॉप्ड ईटिंग इट? आणि मी खातेय हे बघत होता?"

"तसं नाही गं, राणी. मला खात्री नव्हती. मी दोनदा कढई परत गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. आजीने दोन्ही वेळा परत आणली. मी दोनदा बाहेरून जेवण नाही का आणलं? ते टाको? ते कशासाठी आणले होते? मी माझ्या परीने प्रयत्न करत होतो. अजून काय करायला हवं होतं मी?"

"तोंड उघडायला हवं होतं," नीलांबरी म्हणाली. "एक वाक्य. 'ही कढई वापरू नका.' चार शब्द, मनोहर. बाकी दिवसभर तुझं तोंड बंद नसतं. तोटी गळते का, काटा खोटा आहे का, मी चार महिने ऐकते आहे. कारखान्यात एक धुळीचा कण पडू नये म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा घालून फिरतोस. आणि घरी गरोदर मुलीच्या ताटात शिसं पडत होतं तेव्हा तुला खात्री नव्हती!"

"तू चिडली असतीस. आईला वाईट वाटलं असतं. ती एवढी खूश होती..."

"मन्या," सासूबाई म्हणाल्या. झारा अजून हातात होता, त्याच्यावरून तेल ठिपकत होतं. "म्हणजे मी हिला विष घातलं?"

"नाही गं आई, तसं काही—"

"तू गप. तुला नाही विचारलं. नीलू, तू सांग. तू दवाखान्यात असतेस."

नीलांबरीला 'नाही' म्हणता आलं असतं. म्हाताऱ्या बाईसाठी ते म्हणायलाही हवं होतं कदाचित. "माहीत नाही, आई," ती म्हणाली. "रक्त तपासावं लागेल. तिचं, तुमचं, माझं. सगळ्यांचं."

सासूबाईंनी झारा खडीत टाकला आणि आपल्या खोलीत जाऊन दार लावलं.

आश्लेषाच्या डॉक्टरांना फोन लागला. त्यांनी त्याच दुपारी लॅबमध्ये जायला सांगितलं. निघताना मनोहर म्हणाला, "उद्याचं कॅन्सल करायचं का? चाळीस लोक आहेत. काय सांगायचं त्यांना?"

"खरं."

"सगळ्यांना?"

"चारुताला सांग. बाकीच्यांपर्यंत आपोआप जाईल."

त्याने तिच्यासमोरच महाराष्ट्र मंडळाच्या चारुताला फोन लावला. "चारुता, जरा आश्लेषाला बरं वाटत नाहीये, त्यामुळे..." नीलांबरीने फोन त्याच्या हातातून घेतला. "चारुता, मनोहरने माझ्या कढईत गोळ्यांचं शिसं वितळवलं आणि अकरा दिवस आम्ही त्यातच जेवलो. आता रक्त तपासायला चाललोय. उद्या कोणी येऊ नका." पलीकडून चारुताचा आवाज आला, "अगं बाई! कसलं शिसं?" नीलांबरीने फोन मनोहरच्या हातात परत दिला. "सांग कसलं ते." आणि मुलीला घेऊन ती गाडीत बसली.

लॅबमधल्या मुलीने फॉर्म वाचायला सुरुवात केली. घर जुनं आहे का? बाहेरून आणलेले मसाले? नीलांबरीने तो तिच्या हातातून घेतला आणि स्वतःच भरला. गोळ्यांच्या प्रश्नापुढे 'हो' वर खूण करताना पेन एवढं दाबलं की कागद फाटला. अकरा दिवस ती कढई तिच्या डोळ्यांसमोर होती. गॅरेजमध्ये कशी गेली, हा एक प्रश्न तिने विचारला असता तर. दुसऱ्या मुलांच्या आयांना दिवसाला नऊ वेळा विचारत होती ती.

मंगळवारी सगळ्यांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे आले. आश्लेषाचा नऊ, सासूबाईंचा बारा, नीलांबरीचा सहा. मनोहरचाही सहा, कढईतलं जवळजवळ न खाता, मार्चमधल्या वितळवण्याच्या वाफेचा. डॉक्टर म्हणाल्या, गरोदर बाईचा पाचच्या वर गेला की लक्ष ठेवावं लागतं. घाबरून जाण्याएवढा नाही, सोडून देण्याएवढाही नाही. कॅल्शियम, लोह, महिन्याने पुन्हा रक्त. बाळाकडे किती गेलं, हे जन्माच्या वेळी नाळेतलं रक्त तपासल्यावरच कळेल.

"बाळाला काही होईल का?" आश्लेषाने विचारलं.

"आत्ता सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. हेच वाक्य नीलांबरी त्याच आवाजात आठ वर्षं म्हणत आली होती. समोरच्या खुर्चीत बसल्यावर ते कसं लागतं, हे तिला आज कळलं.

घरी आल्या तर दाराशी खोकं होतं. वीस पौंडांची, तोटीवाली. मनोहरने मागच्या आठवड्यात ती मागवली होती. मागचा आठवडा म्हणजे टाकोचा आठवडा. सासूबाईंनी खोक्यावरचं चित्र बघितलं, मुलाला बोलावलं आणि फक्त एवढं म्हणाल्या, "या भट्टीसाठी तुला बोलता आलं नाही?"

"आई, ऑर्डर आधीच—"

"नीलू, तू पोरीबरोबर जाणार ना? मला पण घेऊन चल. मला याच्या घरात घास गिळणार नाही."

नीलांबरीने साठवलेली सगळी रजा घेतली, वर बिनपगारी घेतली. सिद्धेश गाडी घेऊन आला. त्याला सगळं माहीत होतं. सासऱ्यांना त्याने वाकून नमस्कार केला नाही, आणि हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी बघितलं. मनोहर बॅगा डिकीत ठेवत होता. "आश्लेषा, पोहोचलीस की फोन कर." ती म्हणाली, "आई करेल."

फ्रीमाँटच्या त्या चिंचोळ्या तीन मजली घरात तिघी दहा आठवडे राहिल्या. मनोहर रोज फोन करायचा. आधी माफी मागायचा, मग लेख वाचून दाखवायचा: रक्तातलं शिसं किती दिवसांत निम्मं होतं, कॅल्शियमने किती फरक पडतो. मे महिन्यात आश्लेषाचा आकडा सहावर आला तेव्हा तो आनंदाने म्हणाला, "बघ, मी म्हणत होतो ना!"

"काय म्हणत होतास तू?" नीलांबरीने विचारलं. "दहा दिवस तू काय म्हणत होतास, ते मला सांग."

त्यानंतर तीन दिवस फोन आला नाही. तेवढीच शांतता.

जूनच्या शेवटी मुलगी झाली. सव्वासहा पौंडांची, काळ्याभोर जावळाची, जोरात रडणारी. नाळेतल्या रक्ताचा आकडा आठव्या दिवशी आला: चार. मुलांच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. थोडा कमी असता तर बरं झालं असतं. दूध पाजायला हरकत नाही. दोन महिन्यांनी तिचं रक्त तपासू, मग सहाव्या महिन्यात, मग वर्षाने. बसायला, बोलायला कधी लागते, त्यावर नजर ठेवू. आश्लेषाने मान डोलावली, सगळं फोनमध्ये टिपून घेतलं आणि गाडीत बसल्यावर घर येईपर्यंत रडली.

घरी सासूबाई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसल्या होत्या. "किती आला?"

"चार, आई."

"चार म्हणजे..."

"लक्ष ठेवायचं."

त्या उठल्या. दहा आठवड्यांत त्यांनी एकदाही आपणहून शेगडी पेटवली नव्हती. नीलांबरी स्वयंपाक करायची, त्या भाज्या निवडून द्यायच्या, तेही आधी हात तीनदा धुऊन. त्या दिवशी आश्लेषा बाळाला घेऊन सोफ्यावर टेकली आणि म्हणाली, "आजी, अळिवाची खीर करतेस? प्लीज. तू सांगितलेलीस ना, दूध येतं म्हणून."

सासूबाई स्वयंपाकघरात गेल्या. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला. मग त्या बाहेर आल्या ते स्टीलचं एक पातेलं दोन्ही हातांत धरून, आतली बाजू नीलांबरीला दिसेल असं तिरपं करून.

"नीलू, हे चालेल ना गं? सिद्धेशने यात काही केलं नसेल?"

साठ वर्षं रांधलेली बाई. लग्नघरात दीडशे पानांचा स्वयंपाक एकटीने उभा करणारी, कोणाच्या बापाला न विचारणारी. नीलांबरीला तिचा राग कधी आला नव्हता असं नाही, पण आज त्या पातेल्याकडे बघताना तिला जो राग आला तो सासूबाईंच्या वतीने, मनोहरवर होता.

"आजी, एनी पॅन इज फाइन," आश्लेषा म्हणाली. "आय ट्रस्ट यू."

सासूबाई हलल्या नाहीत. त्या नीलांबरीकडेच बघत होत्या.

नीलांबरीचा फोन वाजला. मनोहर.

"आकडा आला का?" तो म्हणाला. "किती? नीलू? आता मी येऊ का तिकडे?"

"चार," ती म्हणाली. "आणि येऊ नको. तुझी आई पातेलं घेऊन माझ्यासमोर उभी आहे. मला विचारते आहे, हे चालेल का. तिला उत्तर देऊन मग तुझ्याशी बोलते."

तिने फोन बंद केला, पातेलं हातात घेतलं, उजेडात फिरवून नीट बघितलं आणि परत दिलं.

"चालेल, आई."